बोली की चौकशी?

मराठीत 'बोली' या शब्दाला दोन अर्थ आहेत. लिलावात पुकारली जाते ती बोली, आणि माणसे एकमेकांशी बोलतात तीही बोली. हे दोन्ही अर्थ एकाच कृतीत नांदावेत अशी जागा व्यवहारात क्वचितच सापडते. कॉन्ट्रॅक्ट ब्रिजचे टेबल ही त्यांपैकी एक. तेथे प्रत्येक पुकार ही लिलावातली चढती बोलीही असते आणि समोर बसलेल्या भिडूला सांगितलेले एक वाक्यही असते. आमचे प्रतिपादन असे की, आपल्याकडच्या क्लबांतून आणि जिमखान्यांतून ब्रिज खेळणाऱ्या बहुसंख्यांनी यांतला पहिला अर्थ घट्ट धरला आहे आणि दुसऱ्याला सोडचिठ्ठी दिली आहे. याचा सर्वांत ढळढळीत पुरावा म्हणजे ते स्लॅमकडे ज्या रीतीने जातात, किंवा जात नाहीत, ती रीत.

साहित्यचर्चेच्या पानांवर हा पत्त्यांचा विषय कोठून आला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि गेली अनेक वर्षे ब्रिज खेळतो. या दोन उद्योगांत वाटते तितके अंतर नाही. ब्रिजमध्ये चार खेळाडू, दोन जोड्या; प्रत्येकाच्या हाती तेरा पाने. खेळ सुरू होण्यापूर्वी लिलाव होतो: आम्ही अमुक रंग हुकूम करून, किंवा बिनहुकुमी, इतके हात करू, अशी हमी द्यायची. सहा हात गृहीत, त्यावरचे मोजायचे. म्हणजे 'एक'ची बोली सात हातांची आणि 'सहा'ची बोली बारा हातांची. तेरापैकी बारा हातांची हमी म्हणजे स्मॉल स्लॅम, तेराच्या तेरा हातांची हमी म्हणजे ग्रँड स्लॅम. आता या लिलावाची भाषा पाहा. तिच्यात शब्द अवघे पंधरा: एक ते सात हे आकडे, किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो-ट्रम्प ही पाच नावे, आणि पास, डबल, रीडबल. या पंधरा शब्दांतून पुकार बनतात फक्त अडतीस. उलट एका खेळाडूच्या हाती येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे वेगवेगळे संच ६३ हजार ५०१ कोटींहून अधिक आहेत. एवढे अफाट वास्तव इतक्या दरिद्री शब्दसंग्रहात बसवायचे, तेही भिडूला कळेल असे आणि प्रतिस्पर्ध्यांपासून काही न लपवता. भाषेच्या अभ्यासकाने यात रस घेऊ नये, तर कोणी घ्यावा?

हमीचे हे महत्त्व ब्रिजमध्ये पहिल्यापासून नव्हते. जुन्या ऑक्शन ब्रिजमध्ये दहाचीच बोली लावून बारा हात झाले तरी स्लॅमचे बक्षीस पदरात पडे. हात झाले ना, मग झाले. पुकारलेल्या हातांनाच गेमच्या हिशेबात धरायचे ही कल्पना फ्रान्समधल्या प्लाफाँ या खेळात रूढ होती. तिचा आधार घेऊन १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या 'फिनलंड' या जहाजावर, प्रवासातल्या सोबत्यांबरोबर खेळताना, गुणांची नवी व्यवस्था अंमलात आणली. स्लॅमला भरघोस बक्षीस, पण ते केवळ पुकारलेल्या स्लॅमला. आजच्या गुणपत्रकात स्मॉल स्लॅमला ५०० किंवा ७५० आणि ग्रँड स्लॅमला १००० किंवा १५०० गुण अधिक मिळतात. यांतले मोठे आकडे 'व्हल्नरेबल' असलेल्या बाजूसाठी, जिचे यशही महाग आणि अपयशही. चारची बोली लावून तेरा हात करणाऱ्याला या बक्षिसातली दमडीही मिळत नाही.

आपला मेंढीकोट आठवा. तोही चौघांचा, तोही दोन जोड्यांचा. चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, घेतल्या की कोट. आधी कोणी काही सांगितलेले नसते. कोट चढला की चढला, आणि मग आरडाओरडा करायला सगळे मोकळे. मेंढीकोटाची गंमत आम्हाला मान्य आहे. आमच्या सुट्ट्या त्याच्यावरच गेल्या. परंतु व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली जो खेळ घडवला त्याचा कणा वेगळा आहे. तुमच्यात काय सामर्थ्य आहे याला तेथे किंमत नाही. ते तुम्ही दोघांनी मिळून, वेळेवर, बोलून ओळखले का, याला किंमत आहे. आपल्या क्लबांतून चालतो तो बहुतांशी मेंढीकोटाच्या मनोवृत्तीने खेळलेला ब्रिज आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

या मनोवृत्तीची दोन रूपे आहेत. पहिले रूप भित्रेपणाचे, आणि त्याने विनयाचा सदरा घातलेला असतो. चार इस्पिकवर लिलाव थांबतो, बारा हात होतात, आणि खेळणारा समाधानाने म्हणतो, "दोन जास्तच झाले." टेबलावरचे इतर तिघे मान डोलावतात. हा गृहस्थ जपून खेळतो, अशी त्याची कीर्ती होते. वास्तविक त्याने ५०० गुण टेबलावर सोडून दिलेले असतात. हिशेब साधा आहे. व्हल्नरेबल नसताना चार इस्पिक पुकारून बारा हात केले तर ४८० गुण; सहा पुकारून तेच बारा हात केले तर ९८०. फायदा ५००. उलट सहा पुकारून एक हात कमी पडला तर ५० गुण प्रतिस्पर्ध्यांना, आणि चारवर थांबून मिळाले असते ते ४५० गेले, तोटा ५००. व्हल्नरेबल असताना दोन्हीकडे ५०० च्या जागी ७५०. म्हणजे फायदा आणि तोटा तंतोतंत सारखा. स्मॉल स्लॅम होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असेल तर तो पुकारलाच पाहिजे, निम्म्याहून कमी असेल तर पुकारता कामा नये. यात जपून वागण्याला वेगळे गुण नाहीत. ग्रँड स्लॅमचे गणित थोडे कडक. संघसामन्यांतल्या गुणपद्धतीप्रमाणे त्याला सुमारे ५६ टक्के शक्यता लागते. अर्थात, जो भीतीपोटी चारवर थांबतो तो सावध नसतो. त्याने फक्त भिडूशी बोलण्याचे कष्ट टाळलेले असतात.

दुसरे रूप याहून अधिक प्रतिष्ठित आहे, म्हणून अधिक घातक. १९३३ साली अमेरिकेत विमा कंपनीत नोकरी करणारे ईझली ब्लॅकवुड यांनी एक संकेत शोधून काढला. चार नो-ट्रम्प ही बोली लावली की तिचा अर्थ 'भिडू, तुझ्याजवळ एक्के किती?' आणि उत्तर पाचच्या पायरीवर, ठरलेल्या क्रमाने. पुढे हुकमाच्या राजालाही पाचवा एक्का मानणारी सुधारित आवृत्ती आली, आणि जगभर बहुतेक ठिकाणी आज तीच चालते. संकेत कल्पक आहे, सोपा आहे, आणि नेमक्या जागी वापरला तर अमोल आहे. मूळ हेतू एवढाच होता की, बारा हात होण्याजोगे बळ आहे हे एकदा ठरले की दोन एक्के बाहेर असताना चुकून स्लॅम पुकारला जाऊ नये. तो शेवटी लावायचा अडसर होता. आपल्याकडे त्याचे प्रवेशद्वार झाले. जरा चांगली पाने आली, भिडूने रंगाला दुजोरा दिला, की हात आपोआप चार नो-ट्रम्पकडे जातो. स्लॅमचा विचार म्हणजे चार नो-ट्रम्प, असे समीकरणच होऊन बसले आहे.

यात बिघडते काय, ते एका उदाहरणाने दाखवतो. तुमची पाने अशी: इस्पिकचे एक्का, राणी, गुलाम आणि तीन बारीक, बदामचा एकटा एक्का, चौकटची सत्ती आणि चौकी, किलवरचे राजा, राणी, गुलाम आणि पंजी. तुम्ही एक इस्पिक पुकारता. भिडू तीन इस्पिक म्हणतो: चार पानांचा दुजोरा आहे आणि गेमचे निमंत्रण आहे. आता भिडूच्या हाती दोनपैकी कोणता संच आहे, याची कल्पना करा. पहिल्यात इस्पिकचा राजा आणि तीन पाने, बदामचे राजा-राणी आणि दोन पाने, चौकटची दोन बारीक पाने, किलवरचा एक्का आणि दोन पाने. दुसऱ्यात इस्पिक आणि किलवर अगदी तेच; पण बदामची चारही पाने बारीक, आणि चौकटची दोन पाने म्हणजे राजा आणि राणी. दोन संचांत फरक एवढाच की राजा-राणीची एक जोडी बदाममधून चौकटमध्ये गेली.

दुसरा संच असेल तर स्लॅम जवळजवळ पक्का आहे. हुकमाचे सहा हात, बदामचा एक्का, किलवरचे चार आणि चौकटचा एक; जातो तो फक्त चौकटचा एक्का. पहिला संच असेल तर प्रतिस्पर्धी चौकटचे एक्का आणि राजा लागोपाठ वाजवतात आणि स्लॅम तेथेच संपतो. आता तुम्ही चार नो-ट्रम्प विचारा. मूळ पद्धतीत दोन्ही संचांचे उत्तर 'एक एक्का'. सुधारित पद्धतीत दोन्हींचे उत्तर 'दोन', म्हणजे किलवरचा एक्का आणि हुकमाचा राजा. प्रश्न तोच, उत्तर तेच. आणि एका ठिकाणी स्लॅम पुकारायला हवा, दुसऱ्या ठिकाणी मुळीच नको. तुम्हाला किती हे कळले, कोठे हे कळले नाही. गुणांची बेरीजही मदतीला येत नाही. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, या सर्वमान्य मोजणीने तुमचे सतरा आणि भिडूचे बारा. दोन्ही वेळी एकोणतीस.

आता याच पानांवर बोलून पाहा. तीन इस्पिकनंतर तुम्ही चार किलवर म्हणता. हुकूम ठरलेला आहे, तेव्हा हे किलवरचे प्रेम नाही, हे भिडूला कळते. त्याचा अर्थ: मला गेमपलीकडे रस आहे, आणि किलवरमध्ये पहिले दोन हात आपले जाणार नाहीत याची व्यवस्था माझ्याकडे आहे. यालाच क्यू-बिड म्हणतात. भिडूजवळ चौकटचे राजा-राणी असतील तर तो चार चौकट म्हणेल: तेथली व्यवस्था माझ्याकडे. मग तुम्ही निर्धास्तपणे चार नो-ट्रम्प विचारा, दोन एक्के एकाच वेळी बाहेर नाहीत याची खात्री करा आणि सहा इस्पिक पुकारा. भिडूजवळ चौकटची दोन बारीक पाने असतील तर तो चौकट ओलांडून चार बदाम म्हणेल. त्याने चौकटविषयी एक अक्षर काढलेले नाही, आणि तेच त्याचे सांगणे आहे. तुमच्या सत्ती-चौकीकडे पाहून तुम्ही चार इस्पिक म्हणता आणि सुखरूप थांबता. या सबंध संभाषणाला एकही जादा हात पुकारावा लागला नाही. कारण तीन इस्पिक आणि चार इस्पिक यांच्या दरम्यान चार पुकार रिकामे पडलेले असतात. चार नो-ट्रम्पवर उडी मारणारा ते चारही वाया घालवतो. एवढ्या तुटपुंज्या भाषेत चार वाक्ये फेकून देणे ही चैन आहे, आणि ती परवडत नाही.

क्यू-बिड आणि ब्लॅकवुड यांतला फरक केवळ तांत्रिक नाही. ब्लॅकवुडमध्ये एकजण विचारतो आणि दुसरा उत्तर देतो. उत्तर देणाऱ्याला मत नसते. तो मोजतो आणि सांगतो. ती चौकशी आहे. क्यू-बिडमध्ये दोघेही सांगतात, दोघेही ऐकतात, आणि निर्णय कोणी घ्यावा हे बोलता बोलता ठरते. न सांगितलेल्यालाही अर्थ येतो, कारण सांगण्याची संधी होती हे दोघांना ठाऊक असते. चार चौकट ही बोली उपलब्ध असताना ती न लावणे आणि चार चौकटला जागाच नसणे, या दोन मौनांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले मौन वाक्य आहे, दुसरे नुसती शांतता.

हे काही आम्ही लावलेले शोध नाहीत. हळूहळू, पायरीपायरीने बोलत जावे आणि जागा राखावी, हे तत्त्व ईली कल्बर्टसन यांनी १९३० च्या सुमारासच अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचवले होते. इटलीच्या 'ब्लू टीम'ने १९५७ ते १९७५ या काळात बर्म्युडा बोल ही जगज्जेतेपदाची स्पर्धा तेरा वेळा जिंकली. पहिल्या आणि दुसऱ्या प्रतीच्या नियंत्रणाला सारखेच मानून खालून वर क्रमाने क्यू-बिड करण्याची त्यांची रीत पुढे जगाने उचलली. ब्लॅकवुडविषयी कोणतेही बरे पाठ्यपुस्तक दोन सूचना पहिल्या पानावर देते: एखाद्या न पुकारलेल्या रंगात दोन बारीक पाने असतील तर हा प्रश्न विचारू नका; एखाद्या रंगाचे पानच नसेल तरी विचारू नका, कारण भिडूचा एक्का नेमका त्याच रंगाचा, म्हणजे निरुपयोगी निघू शकतो. सूचना जुन्या आहेत. त्या वाचल्या जात नाहीत, कारण पुस्तकातला उत्तरांचा तक्ता पाठ झाला की पुस्तक मिटले जाते.

आमच्यावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप आम्हाला ठाऊक आहे, आणि तो दुबळा नाही. तो असा: आम्ही संध्याकाळी चार घटका करमणुकीसाठी खेळतो, इटालियन विजेत्यांची रीत आम्हाला काय कामाची? भिडू रोज बदलतो. त्याला न समजणारी भाषा बोलण्यापेक्षा सर्वांना येणारा एक प्रश्न बरा. एस. जे. सायमन यांनी १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात सामान्य क्लब-खेळाडूला जवळपास हेच बजावले होते: समोर जो भिडू बसला आहे त्याच्यासह मिळू शकेल ते उत्तम पदरात पाडून घ्या, आदर्श भिडूची स्वप्ने पाहू नका. सायमन यांचे म्हणणे आम्हाला शिरोधार्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. न समजणारी भाषा कोणती? चार नो-ट्रम्पच्या उत्तरांचे तक्ते आज इतके प्रकारचे आहेत की दोन अनोळखी भिडूंना आधी आपली आवृत्ती कोणती ते ठरवावे लागते. तीन एक्के की शून्य, चार की एक, कोणत्या पायरीवर काय, यावर टेबलाटेबलावर घोटाळे होतात. क्यू-बिडला पाठांतर जवळजवळ लागतच नाही. 'हुकूम ठरला आहे. आता ज्या रंगात माझे बरे आहे तो सर्वांत खालचा रंग सांगतो', एवढे एक वाक्य समजले की भाषा आली. लागते ते एवढेच की भिडू ऐकत आहे असा विश्वास हवा. खरी अडचण तेथेच आहे. आपल्याला भिडूच्या बुद्धीवर विश्वास नाही, म्हणून आपण त्याला फक्त मोजायला लावतो.

आता निकालाविषयी. डाव संपल्यावर आपल्याकडे जी चर्चा होते ती जवळजवळ नेहमी निकालाची असते. वरच्या उदाहरणातला पहिला संच पुन्हा घ्या. समजा, तुम्ही उडी मारून सहा इस्पिक पुकारले आणि प्रतिस्पर्ध्याने बदामची उतारी केली. तुमचा एकटा एक्का हात घेतो, हुकूम काढून होतात, भिडूच्या बदामच्या राजा-राणीवर तुमची चौकटची दोन्ही पाने निकालात निघतात आणि तेराच्या तेरा हात होतात! टेबलावर जयजयकार होतो. 'पाहा, उगाच काथ्याकूट न करता कसा स्लॅम मारला.' ज्याने चार किलवर, चार बदाम, चार इस्पिक असे शहाणे संभाषण करून थांबवले, त्याची टर उडवली जाते. पण चौकटची उतारी झाली असती तर? ती होणार की नाही हे सर्वस्वी प्रतिस्पर्ध्याच्या हाती होते. त्याच्या चुकीतून मिळालेल्या यशावर आपली विद्वत्ता ठरवण्यासारखे दुसरे आंधळेपण नाही.

थोरामोठ्यांच्या बाबतीतही हीच कसोटी लावली पाहिजे. १९७५ सालच्या बर्म्युडा बोलच्या अंतिम सामन्यात, अखेरच्या टप्प्यावर, इटलीचे बेलादोन्ना आणि गारोत्सो ही जोडी सात किलवर या ग्रँड स्लॅमला पोहोचली. हुकमाचाच, किलवरचा राजा प्रतिस्पर्ध्यांकडे होता. तो सोयीच्या बाजूला असला आणि वेळेवर पडला तरच तेरा हात होणार होते; म्हणजे शक्यता फार तर निम्मी, आणि ग्रँड स्लॅमला लागते ती त्याहून अधिक. राजा हवा तेथे निघाला. इटलीने सामना जिंकला. ती एक चाल फसती तर चषक उत्तर अमेरिकेच्या संघाकडे गेला असता. ब्रिजच्या इतिहासात तो डाव अजरामर झाला. आमचे मत स्पष्ट आहे: जगातल्या उत्कृष्ट संभाषणकारांचे ते संभाषण त्या दिवशी फसले होते, आणि चषकाने त्यात तीळमात्र फरक पडत नाही. आम्ही ज्या पद्धतीची बाजू मांडतो तिच्याही माथी अपयश आहे, हे आम्ही लपवत नाही. पण बोलण्यातून झालेली चूक तपासता येते. कोणत्या वाक्यात काय गैरसमज झाला, हे दाखवता येते. उडी मारणाऱ्याच्या चुकीत तपासण्यासारखे काही नसतेच.

याच १९७५ च्या स्पर्धेत आणखी एक गोष्ट घडली. भिडूंना एकमेकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून टेबलावर आडवे पडदे त्या वर्षी प्रथमच लावले होते. तर इटलीच्याच दुसऱ्या एका जोडीतल्या पायांच्या संशयास्पद हालचालींवरून मोठा गहजब झाला. त्या जोडीवर ठपका आला, आणि सामन्यांच्या दरम्यान टेबलाखालीही आडोसा करावा लागला. नियमावलीचा ७३ वा नियम सांगतो की भिडूंमधला व्यवहार केवळ बोलीतून आणि खेळलेल्या पानांतून व्हावा. सोळावा नियम सांगतो की भिडूच्या सुरातून, थबकण्यातून, हालचालीतून जे कळले त्याचा उपयोग करू नये. स्पर्धांतून आता तोंडाने पुकारतही नाहीत. पेटीतली छापील पाने समोर मांडतात. बोली मुकी केली, ती प्रामाणिक राहावी म्हणून.

आपल्याकडे पायांनी खुणा करणारे फार नसतील. पण 'थबकलेला ब्लॅकवुड' कोणत्या क्लबात नाही? एकजण चार नो-ट्रम्प विचारतो. उत्तर येते. मग तो छताकडे पाहतो, पाने पुन्हा लावतो, दीर्घ उसासा टाकतो आणि जड मनाने पाच इस्पिक म्हणतो. भिडूला काय समजायचे ते समजते: एक्के बहुधा पुरेसे आहेत, मन कचरते आहे. तो सहा म्हणतो. खेळीमेळीत सगळे हसतात. हे गुन्हेगारीचे उदाहरण म्हणून आम्ही देत नाही. बहुतेकांना आपण काही वावगे केले याची जाणीवही नसते. प्रश्न असा आहे की उसासा टाकावा का लागला? कारण ज्या शंका चार किलवर आणि चार चौकट या शब्दांत रीतसर मांडता आल्या असत्या, त्यांची जागा उडी मारून आधीच बुजवलेली होती. शब्द संपले की माणूस उसाशाकडे वळतो. भाषेचा आळस आणि टेबलावरचा अप्रामाणिकपणा यांच्यात इतके जवळचे नाते आहे, म्हणूनच हा विषय आम्हाला केवळ खेळापुरता वाटत नाही.

आम्ही वर्गात जे पाहतो ते याहून वेगळे नाही. कवितेवर प्रश्न विचारला की विद्यार्थी गाइडातल्या उत्तराकडे उडी मारतो: अलंकार किती, प्रतिमा किती, कवीची वैशिष्ट्ये किती. संख्या बरोबर येते, गुणही मिळतात. ती प्रतिमा त्या ओळीत कोठे बसली आहे आणि तेथे ती काय करते, हे बोलायची वेळ आली की वर्ग छताकडे पाहतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. एक्के मोजायला लावणारे प्रश्न आपणच काढतो. २०१८ मध्ये जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष दुहेरीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हाही चर्चा रंगली ती एकाचे वय साठ आणि दुसऱ्याचे छप्पन्न याचीच. दोन माणसे एकमेकांना अडतीस पुकारांत इतके कसे समजून घेतात, हा खरा कुतूहलाचा विषय बाजूलाच राहिला. आपल्याला आकडा दिसतो, संवाद दिसत नाही.

तेव्हा क्लबांतल्या आमच्या मित्रांकडे आमच्या मागण्या दोनच आहेत. हुकूम ठरल्यावर चार नो-ट्रम्पकडे हात जाईल तेव्हा तो क्षणभर आवरा आणि स्वतःला विचारा: मला भिडूकडून आकडा हवा आहे, की त्याचे मत? मत हवे असेल तर खालच्या पायरीवर, खालच्या रंगातून बोलायला लागा. आणि डाव संपल्यावर किती हात झाले हा हिशेब गुणपत्रकावर सोडून द्या, भिडूला विचारा, "चार किलवर म्हणालो तेव्हा तुला काय ऐकू आले?" पहिले काही आठवडे गोंधळ होईल, दोन-चार स्लॅम बुडतील, कोणीतरी चिडेल. भाषा शिकताना एवढे व्हायचेच. पण नव्याने खेळायला येणाऱ्या तरुणाला आपण तक्ते पाठ करून घेणाऱ्या टेबलावर बसवणार, की बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या टेबलावर, हे आता आपल्याला ठरवावे लागेल. तक्ता यंत्रालाही पाठ होतो. समोरच्या माणसाने चौकटविषयी काही न सांगता काय सांगितले, ते ऐकायला मात्र भिडूच लागतो.